वेल्डिंगच्या सांध्यावर भार किती? हिशेब आधी, काम नंतर

धुळ्याहून सुरतेला माल भरायला जाणारे आपले कापड व्यापारी साक्री, दहिवेल, नवापूर या वाटेने जातात. याच साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या परिसरात पवनचक्क्यांची मोठी वसाहत उभी आहे. वरचे पाते फिरताना सर्वांना दिसते, पण ते पाते ज्या पोलादी नळकांड्यावर उभे असते तिकडे कोणी पाहत नाही. जाड प्लेटा गोल वळवायच्या, एकमेकींना वेल्ड करायच्या आणि असे तुकडे एकावर एक चढवायचे, अशी ती नळकांडी तयार होतात. म्हणजे एवढे मोठे धूड शेवटी वेल्डिंगच्या भरवशावर वाऱ्याशी झुंजते.

पवनचक्की ही मोठ्या कंपन्यांची बाब झाली. परंतु आपल्या रोजच्या धंद्यातही वेल्डिंगवाचून काय चालते? जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या डाळ मिलचे आणि चटई कारखान्यांचे शेड, धुळ्यातील यंत्रमागाच्या खोल्यांवरच्या पत्र्याच्या कैच्या, दुकानातील कापडाचे रॅक, माळ्यावर जाणारा लोखंडी जिना, ट्रकची बॉडी, हातगाडी आणि दुकानावरचा बोर्ड हे सारे वेल्डिंगवरच उभे असते. ते करणारे फॅब्रिकेशनवाले आणि वेल्डर आपल्या समाजात पुष्कळ आहेत, आणि करून घेणारे व्यापारी तर आपण आहोतच. म्हणून या सांध्यावर नेमका किती भार येतो, तो कसा मोजतात आणि त्यासाठी मोठे कारखाने संगणकाची जी पद्धत वापरतात ती काय आहे, हे दोघांनीही समजून घेण्यासारखे आहे.

अंदाजाची किंमत

आपल्याकडे बहुतेक काम अंदाजावर चालते. ‘दोन इंच वेल्ड मारला आहे, हत्ती बसला तरी तुटणार नाही’ हे वाक्य प्रत्येकाने ऐकले असेल. उस्तादाच्या हाताला अनुभव असतो, तो खोटा म्हणता येणार नाही. पण अनुभव हा आधी केलेल्या कामाचा असतो. काम मोठे झाले, उंच झाले, वाऱ्यात गेले की जुना अंदाज पुरत नाही.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जे घडले ते आठवावे. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या किवळे भागात वादळी पावसात होर्डिंग कोसळले आणि त्याच्या आडोशाला थांबलेली पाच माणसे मृत्युमुखी पडली. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचे होर्डिंग आडवे झाले आणि १७ जण मरण पावले. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० फूट बाय ४० फुटांची होती. या होर्डिंगची तपासणी व्हीजेटीआय या नामांकित संस्थेने केली. पाया कमजोर होता आणि सारे बांधकाम ताशी ४९ किलोमीटरच्या वाऱ्यापुरतेच होते, त्या दिवशी वारा ताशी ८७ किलोमीटरचा होता आणि खरे तर ते १५८ किलोमीटरला टिकायला हवे होते, असे तिच्या अहवालाच्या बातम्यांत आले. तेथे दोष पायाचा निघाला, वेल्डचा नाही. पण चूक एकच होती. वाऱ्याचा भार किती आणि तो कोठून कोठे जातो याचा हिशेब बरोबर झाला नव्हता.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा झाला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांच्या आत कोसळला. चौकशी समितीने गंज, आतला कमजोर सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे दिली. वरून सुंदर दिसणारे काम आतल्या सांध्यावर उभे असते, हे यातून सर्वांनाच कळले.

आपल्या खानदेशात मे-जूनच्या वादळात रावेर-यावलच्या केळीच्या बागा आडव्या होतात आणि शेडचे पत्रे उडतात. वारा आपल्याला नवा नाही. नवे आहे ते एवढेच, की आता बोर्ड मोठे झाले आहेत आणि शेड उंच झाले आहेत.

वेल्डची ताकद

दोन प्लेटा काटकोनात ठेवून कोपऱ्यात जो वेल्ड भरतात त्याला फिलेट म्हणतात. आपल्याकडील बहुतेक काम याच प्रकारचे असते. त्याचा आडवा छेद त्रिकोणी असतो. या त्रिकोणाची बाजू म्हणजे वेल्डचे माप. ताकद मात्र बाजूवर नसून कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या बाजूपर्यंतच्या सर्वांत कमी अंतरावर अवलंबून असते. याला वेल्डचा ‘गळा’ म्हणतात आणि तो मापाच्या सुमारे ०.७ पट धरतात. ६ मिलीमीटरच्या वेल्डचा गळा ४.२ मिलीमीटर होतो.

आयएस ८१६ हे भारतीय मानक १९६९ चे आहे. त्यात साध्या पोलादाच्या फिलेट वेल्डवर दर चौरस सेंटीमीटरला ११०० किलोपर्यंत ताण चालतो असे धरले आहे. म्हणजे ६ मिलीमीटरचा वेल्ड दर सेंटीमीटर लांबीला सुमारे ४६० किलो पेलतो. आयएस ८०० या २००७ च्या मानकात हिशेबाची रीत बदलली आहे, पण एक गोष्ट फॅब्रिकेशनवाल्यांनी ध्यानात ठेवावी. वर्कशॉपमध्ये केलेल्या वेल्डसाठी सुरक्षेचा आकडा १.२५ आणि जागेवर, शिडीवर चढून केलेल्या वेल्डसाठी १.५० धरायचा असे त्यात आहे. म्हणजे तोच माणूस, तीच काडी, तरी जागेवरच्या वेल्डची ताकद सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी धरली जाते.

एका सेंटीमीटरला ४६० किलो हा आकडा ऐकून कोणालाही वाटेल की मग भीती कशाची? अंदाज चुकतो तो येथेच.

कापडाच्या रॅकचा हिशेब

आपल्याच दुकानातील रॅक घेऊ. उभ्या खांबाला लोखंडी ब्रॅकेट वेल्ड केले आहे. त्यावरची फळी ६० सेंटीमीटर खोल आहे आणि एका ब्रॅकेटच्या वाट्याला १५० किलो कापडाचे ठाण येतात. त्या वजनाचा मध्य खांबापासून ३० सेंटीमीटरवर पडतो. ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी ५ सेंटीमीटर उंचीचा, ४ मिलीमीटर मापाचा वेल्ड आहे.

सरळ हिशेब केला तर वेल्डची एकूण लांबी १० सेंटीमीटर आणि गळा ०.२८ सेंटीमीटर. त्यांचा ११०० शी गुणाकार केला की ३०८० किलो येतात. वजन १५० किलो आहे, म्हणजे वीसपट मजबुती. उस्ताद म्हणेल, निर्धास्त राहा.

पण ब्रॅकेट नुसते खाली सरकत नाही, ते वाकायला बघते. वजन ३० सेंटीमीटर लांब टांगले आहे आणि वेल्ड फक्त ५ सेंटीमीटर उंच आहे. पहारेने दगड उचलताना टोकाशी थोडा जोर लावला तरी दगडाखाली मोठा जोर तयार होतो, तसेच हे आहे. १५० गुणिले ३० म्हणजे ४५०० किलो-सेंटीमीटरचे वळण. ते पेलताना वेल्डच्या वरच्या टोकाला दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १९३० किलोचा ताण येतो. चालतो तो ११००. वीसपट मजबूत वाटलेला सांधा प्रत्यक्षात मर्यादेच्या बाहेर गेला.

आता त्याच ब्रॅकेटखाली तिरकी प्लेट, म्हणजे गसेट देऊन वेल्डची उंची ५ ऐवजी १० सेंटीमीटर केली तर काय होते? ताण निम्मा होत नाही. तो एक चतुर्थांश होतो, म्हणजे सुमारे ४८०. लोखंड थोडेसे वाढले, काडी थोडी जास्त लागली आणि सांधा मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली आला. म्हणून वेल्ड किती लांब आहे यापेक्षा तो कोठे आहे आणि भार त्याच्यापासून किती लांब आहे, हे आधी पाहावे.

बोर्डाचा हिशेब

रस्त्यावरच्या बोर्डाचे असेच आहे, फक्त येथे भार वजनाचा नसून वाऱ्याचा असतो. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, त्याची नवी आवृत्ती २०१५ ची आहे, शहरांसाठी वाऱ्याचा मूळ वेग दिला आहे. नाशिक आणि औरंगाबादसाठी (आजचे छत्रपती संभाजीनगर) तो सेकंदाला ३९ मीटर, मुंबई आणि सुरतसाठी ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० आणि १५८ किलोमीटर आहे. आपल्या गावाचा आकडा त्या मानकाच्या नकाशावरून इंजिनिअरने काढावा. ३९ मीटरला सपाट जागेवर दर चौरस मीटरला साधारण ९३ किलोचा दाब येतो.

बोर्ड ३ मीटर बाय २ मीटर, एका पाइपवर, आणि बोर्डाचा मध्य जमिनीपासून ५ मीटरवर आहे असे धरू. क्षेत्र ६ चौरस मीटर. आकारासाठी १.२ ने गुणले की वाऱ्याचा जोर सुमारे ६७० किलो. तो ५ मीटर उंचीवर लागतो म्हणून बुडाशी ३३५० किलो-मीटरचे वळण. सहा इंची पाइप बेस प्लेटला ६ मिलीमीटरच्या वेल्डने भोवताली जोडला आहे. बोर्ड आणि पाइप यांचे वजन २०० किलो धरले तर त्या वजनाने वेल्डवर दर चौरस सेंटीमीटरला अवघा ९ किलो ताण येतो. वाऱ्याने येतो तो ३७०० च्या वर. वाऱ्यासाठी मानके काही सवलत देतात, ती धरूनही हा सांधा टिकत नाही. नुसता वेल्डच नव्हे, पाइपसुद्धा वाकेल.

उपाय वेल्ड जाड करणे हा नाही. एका पाइपऐवजी मागे-पुढे दीड मीटर अंतरावर दोन पाय द्यावेत आणि मध्ये तिरके अँगल टाकून ते बांधून घ्यावेत. आता वळण जाऊन त्याचे एका पायाला दाब आणि दुसऱ्याला ओढ असे रूपांतर होते. प्रत्येकी सुमारे २२३० किलो. तीन इंची पाइपाच्या बुडाच्या ६ मिलीमीटरच्या वेल्डवर हा ताण दर चौरस सेंटीमीटरला १९० किलोच्या आसपास येतो. ३७०० वरून १९०! अर्थात ओढ घेणाऱ्या पायाखालचा बोल्ट आणि काँक्रीटचा पायाही तेवढा भक्कम हवा, नाहीतर वेल्ड शाबूत राहून सगळा सांगाडा उपटून येईल.

संगणक काय करतो

एक ब्रॅकेट, एक खांब असेल तर हा हिशेब कागदावर होतो. पण शेडच्या कैचीत पन्नास सांधे असतात आणि शेडमध्ये अशा दहा कैच्या असतात. कोणत्या अँगलवाटे किती भार जाईल हे डोळ्यांनी कळत नाही. जो भाग ताठ असतो तो भार आपल्याकडे ओढून घेतो, जो लवचिक असतो तो सोडून देतो. शिवाय वारा छपराला नुसता ढकलत नाही, वर ओढतोही. मग जो अँगल रोज ताणला जातो तो दाबला जातो आणि खाली बसलेला खांब वर उचलला जाऊ बघतो. अशा वेळी फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस ही पद्धत वापरतात.

नाव भारी असले तरी कल्पना कापडवाल्याला सहज समजेल. ठाणाचे कापड हा एक सलग पदार्थ दिसतो, पण ते ताण्याबाण्याच्या लहान लहान घरांचे बनलेले असते. एक धागा ओढला की शेजारचे धागे किती सरकतात हे प्रत्येक घराच्या हिशेबाने सांगता येते. त्याचप्रमाणे लोखंडाच्या सांगाड्याचे संगणकात हजारो लहान तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा शेजाऱ्याशी ठराविक बिंदूंवर जोडलेला असतो. प्रत्येकाचा ताठपणा माहीत असतो. मग हजारो समीकरणे एकदम सोडवून कोणता बिंदू किती सरकला आणि कोठे किती जोर आला हे काढतात.

१९४३ मध्ये रिचर्ड कूरांट या गणितज्ञाने या वाटेचे एक गणित मांडले. १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या बांधणीसाठी ही रीत प्रसिद्ध केली. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. तेव्हा यासाठी खोलीभर संगणक लागत. आज दुकानात जीएसटीचे बिल काढणाऱ्या संगणकावर लहान कामाचा असा हिशेब होऊ शकतो.

आपल्यातील हाजी मंडळींनी या प्रकारच्या संगणकी हिशेबाचा एक सुंदर नमुना डोळ्यांनी पाहिलेला आहे. जेद्दाहच्या विमानतळावरील हज टर्मिनलचे छप्पर कापडाचे आहे. काचतंतूच्या कापडावर टेफ्लॉनचा लेप देऊन केलेले २१० तंबू, प्रत्येक ४५ मीटर चौरस, पोलादी खांबांवरून तारांनी टांगलेले आहेत. १९८१ मध्ये सुरू झालेल्या या विमानतळाच्या टर्मिनलला १९८३ चा आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. त्याच्या रचनेमागे फजलूर रहमान खान हे ढाक्यात १९२९ मध्ये जन्मलेले इंजिनिअर होते. शिकागोच्या सीअर्स टॉवरची रचनाही त्यांचीच. १९८२ मध्ये जेद्दाह येथेच त्यांचे निधन झाले. कापडाला कोठे किती ताण येईल आणि तार खांबाला किती ओढेल, हे आधी संगणकावर काढल्याशिवाय असे छप्पर शिवताच येत नाही.

लाल ठिपक्याचा धोका

आता मुख्य गोष्ट. संगणकावर सांगाड्याचे रंगीत चित्र येते. जेथे ताण कमी तेथे निळे, जास्त तेथे लाल. नवशिका मुलगा तो लाल ठिपका दाखवून म्हणतो, येथे वेल्ड तुटेल. किंवा उलट म्हणतो, लाल कोठेच नाही, काम पक्के आहे. वेल्डच्या बाबतीत ही दोन्ही वाक्ये फसवी ठरू शकतात.

कारण असे की वेल्डच्या कडेला, जेथे जाड वेल्ड आणि पातळ प्लेट मिळतात, तेथे संगणकाच्या चित्रात अणकुचीदार कोपरा असतो. गणिताच्या नियमाने अशा कोपऱ्यात ताण अमर्याद वाढतो. तुकडे मोठे ठेवले तर १२०० आकडा येईल, निम्मे केले तर १६००, आणखी बारीक केले तर २२००. हवा तो आकडा काढता येईल आणि त्यातला एकही खरा नसेल. शिवणीचा नियम शिंप्याला ठाऊक असतो. जोर आला की कापड बहुधा टाक्यात न फाटता टाक्याच्या कडेला फाटते, जेथे दुहेरी कापड संपून एकेरी सुरू होते. वेल्डमधली भेगही बहुधा अशाच कडेवरून सुरू होते. म्हणून नेमक्या कडेवरचा संगणकी आकडा महत्त्वाचा वाटतो, आणि तोच सर्वांत कमी भरवशाचा असतो.

जाणकार इंजिनिअर त्यामुळे वेगळा प्रश्न विचारतो. ताण किती असे न विचारता, या वेल्डमधून भार किती जातो असे तो विचारतो. संगणक प्रत्येक बिंदूवर तुकडे एकमेकांना किती जोराने ओढतात हे सांगू शकतो. वेल्डच्या रेषेवरील अशा सर्व बिंदूंचे जोर आणि वळणे गोळा करायची, लांबीने भागायची आणि दर सेंटीमीटरला किती किलो हा आकडा काढायचा. तो गळ्याच्या ताकदीशी ताडून वेल्डचे माप ठरवायचे. या आकड्याचा गुण असा की तुकडे बारीक केले तरी तो फारसा हलत नाही, कारण भार हा जमाखर्चासारखा असतो. वरून जेवढा आला तेवढा खाली गेलाच पाहिजे. रोजमेळ जुळला नाही तर मुनीमजी चूक शोधतो, तसेच येथेही बुडाशी आलेल्या जोरांची बेरीज वर लावलेल्या भाराइतकी आहे का हे सर्वांत आधी पाहायचे. जुळत नसेल तर रंगीत चित्र कितीही सुंदर असो, बाजूला ठेवायचे.

दुसरी एक रीत आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेने सांगितली आहे. कडेवरचा ताण वाचायचाच नाही. कडेपासून थोडे दूर दोन जागी वाचायचा, प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावर, आणि सरळ रेष ओढून कडेवरचा आकडा काढायचा. प्लेट १० मिलीमीटरची असेल तर ४ आणि १० मिलीमीटरवर. तेथे १४०० आणि ११०० वाचले तर कडेवरचा ताण १६०० धरायचा. पुन्हा पुन्हा हलणाऱ्या भारासाठी ही रीत विशेष उपयोगी आहे.

थकवा हा छुपा शत्रू

पुन्हा पुन्हा हलणारा भार का वेगळा, हे पाहायला परत साक्रीकडे जाऊ. तीन पात्यांची पवनचक्की मिनिटाला १५ फेरे घेत असेल तर खांबासमोरून मिनिटाला ४५ वेळा पाते जाते. वर्षभर सतत चालली तर हा आकडा २ कोटी ३६ लाखांवर जातो. वीस वर्षांत ४७ कोटींच्या वर. दर वेळी खांबाला बारीकसा झटका बसतो. जो भार एकदा दिला तर काहीच होणार नाही, तोच कोट्यवधी वेळा दिला तर वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग पडू शकते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. म्हणूनच अशा खांबांच्या बुडाशी जेथे माणूस आत जाण्याचा दरवाजा कापलेला असतो, त्या कडांचा हिशेब विशेष काळजीने करतात.

आपल्याकडे पवनचक्की नसेल, पण यंत्रमाग थडथडतो, ट्रक खड्ड्यांतून जातो, जनरेटर थरथरतो. त्यांच्या बैठकीचे वेल्ड दिवसाला हजारो झटके खातात.

लहानशा वेल्डने काय होऊ शकते याचे जगातील सर्वांत दुःखद उदाहरण २७ मार्च १९८० चे आहे. उत्तर समुद्रात अलेक्झांडर कीलँड नावाचा तरंगता तळ होता. त्यावर तेलक्षेत्रातील २१२ कामगार होते. त्याच्या एका मोठ्या तिरक्या नळीवर पाण्यातील आवाज ऐकण्याचे एक यंत्र बसवण्यासाठी छोटेसे साधन वेल्ड केले होते, फक्त ६ मिलीमीटरच्या फिलेटने. हे साधन भार घेणारे नाही, म्हणून त्या वेल्डकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. भेग तेथूनच सुरू झाली. तपासात भेगेच्या आत रंगाचे अंश सापडले, म्हणजे ती रंग लावण्याच्या आधीपासूनच होती. नळी तुटली, तिच्या पाठोपाठ दुसऱ्या नळ्या तुटल्या, तळाचा एक पाय निखळला आणि सारे उलटले. १२३ माणसे गेली.

यातून आपल्या फॅब्रिकेशनवाल्यांनी एक सवय सोडावी. काम झाल्यावर ‘येथे एक क्लिप मारून दे, तेथे केबलचा हूक लावून दे’ म्हणून मुख्य अँगलवर कोठेही टाका मारण्याची. ज्याला आपण भार नसलेला वेल्ड म्हणतो, तो मुख्य लोखंडात भेगेची जागा तयार करून ठेवतो.

संगणकाला जे दिसत नाही

संगणक असे गृहीत धरतो की वेल्ड आतून भरीव आहे. ओलसर काडी वापरली, मध्ये कीट राहिले, कडेला खाच पडली, मूळ धातूपर्यंत वितळ पोचलाच नाही, तर त्याला ते कळत नाही. ते काम वेल्डरच्या हाताचे आणि नजरेचे आहे. म्हणून कोणी समजू नये की संगणक आला म्हणजे कारागिराची गरज संपली. उलट भार कोठे आहे हे कळल्यावर कोणता वेल्ड जीव ओतून करायचा आणि कोणता साधा चालेल, हे कारागिराला आधी कळते. सगळीकडे जाड वेल्ड भरण्याने काडी आणि वीज वाया जाते, प्लेट वाकते आणि पैसे तर जातातच. हिशेबामुळे कित्येकदा खर्च वाढत नाही, कमी होतो.

आपण काय करावे

बोर्ड, शेड, पोटमाळा, टाकीचा मनोरा किंवा जिना करून घेणाऱ्या व्यापाऱ्याने कोटेशन मागताना किलोचा भाव विचारावा, पण तेथे थांबू नये. वाऱ्याचा किती वेग धरला, बुडाच्या सांध्यावर भार आणि वळण किती आले, वेल्डचे माप आणि लांबी किती, पायाचे बोल्ट किती, हे एका कागदावर इंजिनिअरच्या सहीने मागावे. जो कागद देतो त्याचा भाव थोडा जास्त असेल तर तो महाग समजू नये.

फॅब्रिकेशनवाल्याने नुसते ‘वेल्ड करणे’ असे बिलावर न लिहिता माप आणि लांबी लिहावी. जे सांधे जमिनीवर करता येतील ते वर्कशॉपमध्येच करून न्यावेत. जुना बोर्ड किंवा शेड उतरवताना वरून खाली उतरवावे. बूड आधी कापू नये. दर पावसाळ्याच्या आधी बुडाचा गंज खरवडून वेल्डची कडा पाहावी.

तरुणांसाठी येथे रोजगार आहे. आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बांभोरीचे एसएसबीटी, धुळ्याचे एसएसव्हीपीएस आणि शिरपूरचे आर. सी. पटेल महाविद्यालय आपल्या दाराशी आहेत. तेथील मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या प्राध्यापकांकडे व्यापारी मंडळाने एकत्र जाऊन विचारणा करावी. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी खरे काम हवे असते आणि आपल्याला खरा हिशेब. फ्रीकॅड, कॅल्क्युलिक्स, कोड-ॲस्टर अशी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, त्यामुळे शिकण्यासाठी पैशाची अडचण नाही. ज्या वेल्डरच्या मुलाने बापाच्या हाताखाली काडी धरली आहे, तो मुलगा हे शिकला तर नुसत्या पुस्तकी इंजिनिअरपेक्षा चार पावले पुढे राहील, कारण वेल्ड कोठे खोटा पडतो हे त्याला आधीच माहीत असते.

कापडाच्या धंद्यात माल घेताना आपण मीटर मोजतो, वजन पाहतो, रंग पक्का आहे का ते घासून बघतो. ज्या छपराखाली आपले कामगार दिवसभर बसतात आणि ज्या बोर्डाखालून गिऱ्हाईक लहान मुलाचा हात धरून दुकानात येते, त्याचा सांधाही तसाच मोजून घ्यावा.